स्पेक्ट्रमवर एकाच वेळी सहा कामं: झेड-८०साठी छोटा मल्टिटास्किंग कर्नल

१९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के मध्ये झेड-८०ए प्रोसेसर आहे. वेग ३.५ मेगाहर्ट्झ, रॉम १६ केबी, रॅम ४८ केबी. भारतात हेच मशीन पुढे डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावानेही विकलं गेलं. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचा, या हिशेबाने ते बांधलेलं आहे. तरी टास्क (म्हणजे एकेक काम) आलटून पालटून चालवायला लागणाऱ्या दोन गोष्टी त्यात आहेत: सेकंदाला ५० वेळा येणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे वळवणारा इशारा), आणि हवा तिथे नेता येणारा स्टॅक पॉइंटर (एसपी), म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या चळतीचं टोक दाखवणारं रजिस्टर. खालचा कर्नल, म्हणजे टास्कची पाळी ठरवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम, साधारण ३०० बाइटमध्ये बसतो आणि सहा टास्क चालवतो.

लिहायला पास्मो हा असेंब्लर आणि तपासायला फ्यूज हा एम्युलेटर पुरेसा आहे. पास्मोचा टॅपबास हा पर्याय वापरला, की बेसिक लोडरसकट टॅप फाइल तयार मिळते. इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, असेंब्लरला त्या नेहमीच्या रूपातच द्याव्या लागतील. पत्ते दशमान आहेत, कारण पीक-पोकवर (मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या बेसिक आज्ञांवर) वाढलेल्या स्पेक्ट्रमवाल्यांना तेच तोंडपाठ असतात.

आधी इंटरप्टचा स्वभाव ओळखा

स्पेक्ट्रमची यूएलए चिप (स्क्रीन रंगवणारी) दर फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एका पूर्ण चित्राच्या सुरुवातीला, दर ६९,८८८ टी-स्टेटनी (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांनी), इंटरप्टची तार खाली ओढते आणि फक्त ३२ टी-स्टेट तशी धरून ठेवते. एवढ्या वेळात प्रोसेसरने दखल घेतली तर ठीक, नाहीतर तो इंटरप्ट गेला. कुठेही त्याची नोंद राहत नाही. म्हणजे डीआय (इंटरप्ट बंद करण्याची आज्ञा) करून तुम्ही ४०० टी-स्टेट काम केलंत आणि टिक (हाच दर फ्रेमचा इंटरप्ट) नेमका मध्येच आला, तर तो उशिरा मिळत नाही, मिळतच नाही.

बहुतेक पाठ्यपुस्तकी कर्नल ‘इंटरप्ट बंद करा, काम करा, चालू करा’ या धर्तीवर लिहिलेले असतात. ते इथे जसेच्या तसे उतरवले की घड्याळ मागे पडायला लागतं आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून इथल्या प्रत्येक भागात डीआय टाळायचा, आणि टाळता आला नाही तर जितका उशिरा करता येईल तितका उशिरा करायचा.

मेमरीची वाटणी

१६३८४ ते ३२७६७ हा भाग यूएलए आणि प्रोसेसर दोघं वापरतात. स्क्रीन रंगवली जात असताना तिथल्या प्रत्येक वाचन-लेखनाला ६ टी-स्टेटपर्यंत खोळंबा होतो. कर्नल, टास्क आणि स्टॅक त्यामुळे ३२७६८च्या वरच ठेवा. बेसिकमध्ये क्लिअर ३२७६७ दिलं, की बेसिक आपला स्टॅक खाली घेतं.

३२७६८ पासून कोड. ६१४४० पासून सहा टास्कचे स्टॅक, प्रत्येकी २५६ बाइट, ६२९७५ पर्यंत. ६२९७६ पासून १२८ बाइट कर्नलचा स्वतःचा स्टॅक, म्हणजे त्याचं टोक ६३१०४. इंटरप्टचा तक्ता ६५०२४ ते ६५२८०. यूडीजी (वापरणाऱ्याने स्वतः रेखाटलेली) अक्षरं ६५३६८ पासून सुरू होतात, त्यांना धक्का लागत नाही.

पहिली पायरी: इंटरप्ट आपल्या ताब्यात घ्या

नेहमीच्या आयएम १ मध्ये प्रोसेसर थेट रॉममधल्या ५६ या पत्त्यावर जातो. तिथे आपल्याला काही लिहिता येत नाही, म्हणून आयएम २ घ्यायचा. यात आय रजिस्टर पत्त्याचा वरचा बाइट देतो आणि खालचा बाइट त्या क्षणी डेटा बसवर जे असेल ते. नुसत्या मशीनवर तो बहुतेक वेळा २५५ असतो, पण मागे जॉयस्टिक इंटरफेस लावला की खात्री नाही. उपाय असा, की कुठलाही बाइट आला तरी उत्तर एकच निघावं. ६५०२४ पासून २५७ बाइट २५३ने भरा. २५७ अशासाठी, की खालचा बाइट २५५ आला तर जोडीतला दुसरा बाइट ६५२८०वरून वाचला जातो. नेमका हा शेवटचा बाइट बऱ्याच जणांकडून राहून जातो. मग मशीन कधी चालतं, कधी कोसळतं.

दोन्ही बाइट २५३, म्हणजे उडी ६५०२१ वर (२५३ × २५७). तिथे तक्त्याच्या आधी बरोबर तीन बाइट जागा उरते, जेपी आयएसआर (आयएसआर या इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडकडे उडी) लिहायला लागते तेवढीच.

    डीआय
    एलडी एचएल,६५०२४
    एलडी डीई,६५०२५
    एलडी बीसी,२५६
    एलडी (एचएल),२५३
    एलडीआयआर
    एलडी ए,१९५
    एलडी (६५०२१),ए
    एलडी एचएल,आयएसआर
    एलडी (६५०२२),एचएल
    एलडी ए,२५४
    एलडी आय,ए
    आयएम २

आय मध्ये ६४ ते १२७ मधली किंमत कधीही ठेवू नका. मेमरी रिफ्रेशच्या वेळी आय रजिस्टर पत्त्याच्या तारांवर येतं, यूएलए गोंधळते आणि स्क्रीनवर बर्फ पडल्यासारखे ठिपके उडायला लागतात.

इथे थांबून तपासून घ्या. आयएसआरमध्ये सध्या फक्त एएफ वाचवून एक मोजणी वाढवा, मग ईआय (इंटरप्ट चालू) आणि रेट (परत). मोजणी सेकंदाला ५०ने वाढत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

टास्कची नोंद

प्रत्येक टास्कला सहा बाइटचा रकाना द्या. ० आणि १ मध्ये वाचवलेला एसपी. २ मध्ये झोप: ० म्हणजे तयार, १ ते २५४ म्हणजे तितके टिक थांबायचं, २५५ म्हणजे मेलेला. ३ आणि ४ मध्ये पुढच्या रकान्याचा पत्ता, सहावा रकाना परत पहिल्याकडे. ५ मोकळा. सध्या चालणाऱ्या टास्कच्या रकान्याचा पत्ता ‘चालू’ या जागी राहतो. कर्नल सुरू होण्याआधी सगळ्या रकान्यांत झोप २५५ भरून ठेवा.

सातवा रकाना रिकामटेकड्या टास्कचा, म्हणजे सगळे झोपलेले असताना नुसता हॉल्ट (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबणं) करत बसणाऱ्याचा. तो साखळीच्या बाहेर ठेवा. साखळीत घातला, तर बाकीच्यांना काम असतानाही दर फेरीत त्याची पाळी येईल आणि त्याच्या हॉल्टमध्ये २० मिलिसेकंद फुकट जातील. त्याचा ‘पुढचा’ मात्र पहिल्या रकान्याकडे दाखवा, नाहीतर रिकामा वेळ संपल्यावर परतीची वाटच उरणार नाही.

मुख्य भाग: अदलाबदल

    आयएसआर:
      पुश एएफ
      पुश बीसी
      पुश डीई
      पुश एचएल
      पुश आयएक्स
      पुश आयवाय
      ईएक्स एएफ,एएफ′
      ईएक्सएक्स
      पुश एएफ
      पुश बीसी
      पुश डीई
      पुश एचएल
      एलडी आयएक्स,(चालू)
      एलडी एचएल,०
      एडीडी एचएल,एसपी
      एलडी (आयएक्स+०),एल
      एलडी (आयएक्स+१),एच
      एलडी एसपी,६३१०४
      कॉल टिक
    बदल:
      कॉल निवड
      एलडी (चालू),आयएक्स
      एलडी एल,(आयएक्स+०)
      एलडी एच,(आयएक्स+१)
      एलडी एसपी,एचएल
      पॉप एचएल
      पॉप डीई
      पॉप बीसी
      पॉप एएफ
      ईएक्सएक्स
      ईएक्स एएफ,एएफ′
      पॉप आयवाय
      पॉप आयएक्स
      पॉप एचएल
      पॉप डीई
      पॉप बीसी
      पॉप एएफ
      ईआय
      रेट

रजिस्टरांच्या दहा जोड्या आणि परतीचा पत्ता मिळून २२ बाइट प्रत्येक टास्कच्या स्टॅकवर जातात. एसपी वाचवल्यावर लगेच कर्नलच्या स्टॅकवर उडी मारली आहे, त्यामुळे कर्नलच्या आतल्या कॉलची खोली सहाही स्टॅकना सोसावी लागत नाही. ईआय हा रेटच्या लगेच आधीच हवा: त्याचा परिणाम पुढची आज्ञा पूर्ण झाल्यावर होतो, म्हणून परत जाण्याआधी नवा इंटरप्ट स्टॅकवर चढत नाही. रेटी लिहिण्याची गरज नाही. ती झेड-८० घराण्यातल्या पीआयओ-सीटीसीसारख्या चिपांसाठी असते आणि स्पेक्ट्रममध्ये त्या नाहीत.

टिक आणि निवड असे:

    टिक:
      एलडी आयएक्स,रकाना१
      एलडी डीई,६
      एलडी बी,६
    ट१:
      एलडी ए,(आयएक्स+२)
      एएनडी ए
      जेआर झेड,ट२
      आयएनसी ए
      जेआर झेड,ट२
      डीईसी (आयएक्स+२)
    ट२:
      एडीडी आयएक्स,डीई
      डीजेएनझेड ट१
      रेट

    निवड:
      एलडी आयएक्स,(चालू)
      एलडी बी,६
    न१:
      एलडी एल,(आयएक्स+३)
      एलडी एच,(आयएक्स+४)
      पुश एचएल
      पॉप आयएक्स
      एलडी ए,(आयएक्स+२)
      एएनडी ए
      रेट झेड
      डीजेएनझेड न१
      एलडी आयएक्स,रिकामा
      रेट

सहा पावलांत फेरी पूर्ण होऊन शोध स्वतः चालू टास्कपाशी परत येतो. तोही तयार नसेल, तर रिकामा टास्क. सगळ्यात वाईट परिस्थितीत हे सारं मिळून सुमारे १,७३० टी-स्टेट घेतं, म्हणजे एका फ्रेमच्या अडीच टक्क्यांपेक्षा कमी.

ही वेळ डोळ्यांनी बघायची नेहमीची युक्ती म्हणजे काम सुरू होताना बॉर्डरचा रंग बदलायचा आणि संपताना परत करायचा. इथे ती केली तर काहीच दिसत नाही, आणि कर्नल चालतच नाही असा समज होतो. इंटरप्ट येतो तेव्हा टीव्हीचा किरण अजून वर परतत असतो. स्क्रीनचा पहिला पिक्सेल इंटरप्टनंतर १४,३३६ टी-स्टेटनी येतो, आणि त्याआधीच्या ६४ ओळींपैकी सुरुवातीच्या ओळी पडद्यावर उमटतच नाहीत. एक ओळ २२४ टी-स्टेटची, म्हणजे आपलं १,७३० टी-स्टेटचं काम आठेक ओळींत, कुणाला दिसायच्या आत उरकलेलं असतं. मोजण्यापुरतं रजिस्टरं पुश केल्यानंतर एलडी बी,० आणि स्वतःवरच उडी मारणारा डीजेएनझेड अशी जोडी दोनदा घाला. साधारण ६,६६० टी-स्टेट जातात, किरण वरच्या बॉर्डरमध्ये पोचतो. आता पोर्ट २५४ वर आउट करून रंग बदला, की स्पष्ट पट्टी दिसेल. पट्टीच्या ओळी मोजा आणि २२४ने गुणा. मोजून झालं की हा थांबा काढून टाकायला विसरू नका.

नवा टास्क जन्माला घालणं

आधी कधीच न चाललेल्या टास्कचा स्टॅक असा रचायचा, की तो जणू मध्येच इंटरप्टने थांबवलाय असं वाटावं. एचएलमध्ये सुरुवातीचा पत्ता, डीईमध्ये स्टॅकचं टोक (पहिल्यासाठी ६१६९६) आणि आयएक्समध्ये रकाना द्या. चालू एसपी एका जागी वाचवा, एसपी टोकावर न्या आणि या क्रमाने पुश करा: समाप्तचा पत्ता, टास्कचा पत्ता, पाच वेळा शून्य, २३६१०, मग चार वेळा शून्य. एकूण २४ बाइट. आता एसपी रकान्यात लिहा, जुना एसपी परत आणा आणि सगळ्यात शेवटी झोप ० करा.

२३६१० हा आयवायसाठी. स्पेक्ट्रमची रॉम आयवायवरून सिस्टिम व्हेरिएबल गाठते. टास्क रॉमचं काही वापरणार असेल, तर तिथे हीच किंमत हवी.

समाप्त हा छोटा तुकडा चालू रकान्यात २५५ लिहून ‘सोड’ला (पाळी सोडण्याच्या खालच्या कोडला) हाक मारतो. त्यामुळे टास्क साध्या रेटने संपवता येतो.

रिकाम्या टास्कसाठी खोटा स्टॅक रचावा लागत नाही. सुरुवातीला ‘चालू’मध्ये त्याचा रकाना ठेवा, टास्क तयार करा, ईआय द्या आणि हॉल्टच्या चक्रात शिरा. बेसिकने यूएसआरने हाक मारलेला हा मूळ प्रवाहच रिकामा टास्क बनतो. यात एक फायदाही आहे: बेसिकला परतताना एचएल′ मध्ये १००७२ असावं लागतं, आणि ते याच्या स्टॅकवर आपोआप जपलं जातं. सगळे टास्क मेल्यावर याने आयएम १ करून, आयमध्ये ६३ ठेवून रेट केलं की बेसिक जिवंत.

सोड, झोप आणि कुलूप

सोड म्हणजे टास्कने आपणहून पाळी सोडणं. कॉलमुळे परतीचा पत्ता स्टॅकवर असतोच, म्हणून आयएसआरचेच पुश करा, त्यानंतर डीआय, मग एसपी वाचवून कर्नलच्या स्टॅकवर जा आणि जेपी बदल. डीआय पुशच्या आधी नको. पुश चालू असताना इंटरप्ट आला तरी काही बिघडत नाही, त्याच स्टॅकवर आणखी २२ बाइट चढतील आणि उतरतील. तरीही डीआय ते ईआय हे अंतर ४०० टी-स्टेटच्या वर जातं. ‘अजून झालं नाही? सोड. अजून नाही? सोड’ असं चक्र फिरवणारे दोन टास्क असले, तर प्रोसेसरचा निम्म्याहून जास्त वेळ इंटरप्ट बंद राहतो आणि त्याच प्रमाणात टिक बुडतात. वाट बघायची असेल तिथे झोप वापरा.

    झोप:
      पुश आयएक्स
      एलडी आयएक्स,(चालू)
      एलडी (आयएक्स+२),ए
      पॉप आयएक्स
      जेपी सोड

इथे डीआयची गरजच नाही. लिहिल्यावर लगेच इंटरप्ट आला तर टास्क तिथेच झोपतो, जागा झाल्यावर एकदा जास्तीचा सोड करतो, बस. झोपलेले टास्क टिकबरोबरच उठतात आणि काम थोडं असेल तर पुढच्या टिकच्या बऱ्याच आधी परत झोपतात, म्हणून टिकशी त्यांची टक्कर क्वचितच होते. ए मध्ये २५५ देऊ नका, तो टास्क पुन्हा उठणार नाही. २५४ टिक म्हणजे पाचेक सेकंद. जास्त हवं असेल तर चक्र लावा.

कुलूप लागतं मुख्यतः रॉमसाठी. आरएसटी १६ने अक्षर छापताना रॉम आपली जागा, रंग, चॅनल हे सगळं ठरावीक पत्त्यांवर ठेवते. दोन टास्क एकदम आत शिरले तर एकाचं अक्षर दुसऱ्याच्या ओळीत उमटतं. झेड-८० आज्ञेच्या मध्ये इंटरप्ट घेत नाही, हे इथे कामी येतं:

    कुलूप:
      एसआरएल (एचएल)
      रेट सी
      एलडी ए,१
      कॉल झोप
      जेआर कुलूप

एचएल जिथे दाखवतो त्या बाइटमध्ये १ म्हणजे उघडं. एसआरएल तो १ कॅरीत ढकलतो आणि मागे शून्य ठेवतो. वाचणं आणि बदलणं एकाच आज्ञेत, डीआय न करता. आधीच शून्य असेल तर कॅरी येत नाही. उघडायला एलडी (एचएल),१.

कुलूप घेतल्यावर ए मध्ये २ घालून ५६३३ ला कॉल करा म्हणजे वरचा पडदा निवडला जाईल. मग २२, ओळ, स्तंभ असे तीन बाइट आरएसटी १६ने पाठवून जागा ठरवा, छापा आणि कुलूप सोडा. छापण्याआधी २३६९२ मध्ये २५५ घाला. नाहीतर पडदा भरल्यावर रॉम ‘स्क्रोल?’ विचारत कळ दाबण्याची वाट बघते, आणि तोवर कुलूप त्याच टास्ककडे अडकून बाकीचे सगळे खोळंबतात.

आयएम २ घेतल्यापासून रॉमचं कीबोर्ड वाचन बंद पडतं. कॉल टिकनंतर एलडी आयवाय,२३६१० आणि कॉल ७०३ घातलं की ते परत सुरू होतं. शेवटची कळ २३५६० मध्ये मिळते, आणि नवी कळ आली की २३६११ मधला पाचवा बिट उठतो.

चाचणी, आणि हमखास होणारे घोटाळे

पहिला टास्क २२५२८ हा रंगाचा बाइट सतत वाढवू दे, दुसरा २२५५९. वरच्या ओळीच्या दोन टोकांना दोन चौकोन सारख्याच वेगाने लुकलुकले पाहिजेत. तिसरा टास्क २२५४४चा रंग बदलून २५ टिक झोपू दे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा ठोका. मग खरी परीक्षा: एक टास्क सगळी रजिस्टरं, पर्यायी धरून, ठरावीक किमतींनी भरून सतत तपासत राहील आणि फरक दिसला की बॉर्डर लाल करून थांबेल. पॉपचा क्रम चुकला असेल तर तो इथे लगेच पकडला जातो.

स्टॅक पुरतो का हे बघायला सुरुवातीला सगळे स्टॅक १६५ने भरून ठेवा. थोडा वेळ चालवल्यावर तळाशी किती १६५ शिल्लक आहेत ते फ्यूजच्या मेमरी ब्राउझरमध्ये मोजा. तीसपेक्षा कमी उरले असतील तर स्टॅक वाढवा.

स्क्रीन झटपट पुसायला एसपी स्क्रीनवर नेऊन पुश करत सुटण्याची जुनी युक्ती टास्कमध्ये चालणार नाही. इंटरप्ट आला की २२ बाइट एसपी दाखवेल तिथे, म्हणजे चित्रावर किंवा त्याच्या खालच्या मेमरीत लिहिले जातात. एलडीआयआर मात्र बिनधास्त वापरा. तो मध्येच थांबतो आणि परतल्यावर राहिलेलं काम पुढे नेतो. बीप आणि कॅसेट या रॉममधल्या कामांत इंटरप्ट बंद असतात. तेवढा वेळ सगळे टास्क गोठतात, त्याला इलाज नाही.

८०८५ च्या किटवर न्यायचं असेल तर

डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या लॅबमधल्या ८०८५ किटवर हाच आराखडा आणखी सोपा होतो. आयएक्स, आयवाय आणि पर्यायी रजिस्टरं नसल्याने पीएसडब्ल्यू, बी, डी, एच असे चारच पुश, परतीच्या पत्त्यासह १० बाइट. एसपी वाचायला एलएक्सआय एच,० आणि डीएडी एसपी, परत ठेवायला एसपीएचएल. रकाने मात्र एचएलने चालत गाठावे लागतात.

टिकसाठी किटवरच्या टायमरची तार आरएसटी ७.५ ला जोडा आणि ए मध्ये ११ घालून एसआयएम द्या. त्याने ७.५ उघडा होतो, ५.५ आणि ६.५ बंद राहतात. आरएसटी ७.५ चा पत्ता ६० हा मॉनिटर रॉममध्ये येतो. तिथून रॅममध्ये कुठे उडी दिली आहे ते किटच्या मॅन्युअलमध्ये बघा. या पिनला आत स्वतःचा लॅच आहे, त्यामुळे डीआय असताना आलेला एक टिक राखून ठेवला जातो आणि ईआयनंतर मिळतो. स्पेक्ट्रमवरची टिक बुडण्याची सगळी कटकट इथे जवळजवळ उरत नाही.

एसआरएल नाही, म्हणून कुलपाला डीसीआर एम वापरा: उत्तर शून्य आलं तर कुलूप मिळालं, नाहीतर लगेच आयएनआर एम करून किंमत पूर्ववत करा आणि झोपा. उघडतानाही आयएनआर एमच करायचं, थेट १ लिहायचं नाही. दुसरा टास्क त्याच्या डीसीआर आणि आयएनआरच्या मध्ये थांबलेला असेल, तर लिहिलेला १ त्याच्या आयएनआरने २ होईल आणि ते कुलूप पुढे कुणालाच नीट लागणार नाही.